येशूचा भाऊ

बाईंनी मला शाळेत मराठी शिकवलं. ओवी कानाने कशी ऐकायची हे त्यांच्यामुळे कळलं, आणि फादर थॉमस स्टीफन्स हे नावही पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइट धर्मगुरूने गोव्यात, साष्टीत आयुष्य काढलं आणि येशूची कथा मराठी ओव्यांत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. बाई हे सांगायच्या तेव्हा वर्गात चिटपाखरू हलायचं नाही. आज त्या ऐंशीच्या पुढे आहेत. वसईच्या कॅथलिक. मी हिंदू घरातली, कॉलेजात इतिहास शिकवते, आणि देव आहे असं मला वाटत नाही. हे आम्हा दोघींना ठाऊक आहे आणि त्याने आमचं काही बिघडलेलं नाही.

यंदा शुभ शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. मागच्या वाडीत केळींवर ऊन पडलं होतं. बाईंचा उपवास होता. मी नीट टेकायच्या आतच त्यांनी विषय काढला.

"नातू म्हणतो, येशू नावाचा माणूस कधी झालाच नाही. मोबाइलवर कोण तरी त्याला समजावून सांगतं. रोमन लोकांनी रचलेली गोष्ट, म्हणे. तू इतिहासाची. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. जे असेल ते सांग."

"येशू होऊन गेला, बाई. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही."

"पुरावा काय तुझा?"

"त्याचा भाऊ."

बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. वर्गात एखाद्या मुलीने अनपेक्षित उत्तर दिलं की त्या असंच करायच्या.

मी सांगू लागले. "जोसेफस नावाचा यहुदी इतिहासकार होता. जेरुसलेमच्या पुरोहित घराण्यातला, इ. स. ३७च्या सुमारास जन्मलेला. रोमविरुद्धच्या युद्धात आधी लढला, मग पकडला गेला आणि पुढे रोमच्याच आश्रयाला राहिला. ९३-९४च्या सुमारास त्याने आपल्या लोकांचा मोठा इतिहास ग्रीकमध्ये लिहिला. त्यात ६२ सालची एक हकीकत आहे. रोमन अधिकारी वारला होता आणि नवा अजून वाटेवर होता. तेवढ्यात महायाजक अनानस याने डाव साधला, न्यायसभा बसवली आणि काही जणांना दगडमाराची शिक्षा दिली. त्यांतल्या एकाचं नाव याकोब. आता याकोब नावाची माणसं पैशाला पासरी. म्हणून जोसेफस ओळख देतो, की ज्याला लोक ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा हा भाऊ. गावात आपण सांगतो ना, अमक्याचा भाऊ, तमक्याचा मेव्हणा, तसं. येशूची थोरवी सांगणं त्याच्या मनातही नाही. त्याला अनानसचा अन्याय सांगायचाय. जाता जाता निघालेला उल्लेख आहे, म्हणूनच त्याला वजन आहे."

"पण त्याच पुस्तकात येशूवर वेगळा उतारा आहे ना? आमचे फादर सांगायचे."

"आहे. त्यावर मी भार टाकत नाही. येशू हाच ख्रिस्त होता, तिसऱ्या दिवशी तो जिवंत दिसला, असं त्यात सरळ म्हटलंय. असं मानणारा माणूस ख्रिस्ती झाला असता, आणि जोसेफस शेवटपर्यंत यहुदी राहिला. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा ख्रिस्ती पंडित स्वच्छ लिहितो की जोसेफसने येशूला ख्रिस्त मानलं नव्हतं. तेव्हा ती वाक्यं नंतर कुणा ख्रिस्ती नकलकाराने घातली. मुळात येशूबद्दल थोडं काही तिथे होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. याकोबाच्या उल्लेखाला मात्र फारसं कुणी हात लावत नाही."

बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "आमच्याच माणसाने घातलं. ज्याला सत्य म्हणायचं, त्याच्यासाठी खोटं लिहायचं. याचं मला फार वाईट वाटतं गं."

"दुसरा साक्षीदार याहून जवळचा आहे, तो पौल. त्याची पत्रं पन्नासच्या दशकातली, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधीची. गलतीकरांना तो लिहितो की मी जेरुसलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो, आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. ही भेट झाली तेव्हा क्रूसाच्या घटनेला दहा वर्षंही उलटली नव्हती. त्याच पत्रात पुढे भांडण आहे. अंत्युखियात पेत्र बिगर-यहुदी लोकांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडून काही माणसं आली, तसा तो भिऊन पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. ज्याच्या माणसांच्या धाकाने भरली पंगत मोडते, तो याकोब हाडामांसाचा असणार. आणि कल्पनेतल्या माणसाला असा भाऊ नसतो."

"सख्खा नव्हे हं," बाई लगेच म्हणाल्या.

हे येणार हे मला ठाऊक होतं.

"मरिया अखंड कुमारी, ही आमची श्रद्धा. याकोब चुलत नाही तर मावसभाऊ. तू मराठीची विद्यार्थिनी ना? आपल्याकडे चुलत, मावस, आते, मामे, सगळे भाऊच. भाऊबीजेला तू काय फक्त सख्ख्याला ओवाळतेस? त्यांच्या भाषेतही तसंच होतं. लोट हा अब्राहामाचा पुतण्या, त्यालाही भाऊ म्हटलंय. संत जेरोमने चौथ्या शतकात हेच मांडलं."

"हिब्रूत आणि अरामीत तसं आहे, मान्य. पण पौल ग्रीकमध्ये लिहितो. ग्रीकमध्ये चुलत-मावस भावाला वेगळा शब्द आहे, अनेप्सिओस. नव्या करारात तो आलेलाही आहे, मार्क हा बर्णबाचा कोण ते सांगताना. याकोबाला तो शब्द कुणीच लावत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात नाझरेथचे लोक चार भावांची नावं घेतात. याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन. बहिणीही इथेच राहतात असं म्हणतात. पूर्वेकडच्या चर्चना हे अडलं, म्हणून त्यांनी ही योसेफाची आधीच्या लग्नाची मुलं मानली, म्हणजे सावत्र."

"आणि क्रूसावरून त्याने आईला योहानाच्या स्वाधीन केलं, त्याचं काय? घरात चार सख्खे मुलगे असताना कुठला मुलगा आईला परक्याच्या हाती देईल?"

मी थांबले. हा युक्तिवाद मी पुस्तकांतून वाचला होता आणि दोन ओळींत त्याचा निकालही लावला होता. पण शुभ शुक्रवारच्या दुपारी, चार मुलं वाढवून घरात एकट्या राहिलेल्या बाईंच्या तोंडून तो वेगळा ऐकू आला. तरी मी माझं उत्तर दिलं.

"योहानच आधी सांगतो की भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. मार्कने तर लिहिलंय की घरची माणसं त्याला धरून न्यायला आली होती, याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून. भाऊ त्या दिवशी क्रूसाजवळ नव्हतेच, बाई. कदाचित म्हणून आईचा हात दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला."

"पिकतं तिथं विकत नाही," बाई हळूच म्हणाल्या. नाझरेथमध्ये येशू जे बोलला त्याचा भाव मराठीत याहून नेमका सांगता येईल असं मला वाटत नाही.

याकोब सख्खा की चुलत, यावर आमचं एकमत झालं नाही. माझा कौल अजून सख्ख्याकडे आहे. २००२ मध्ये याकोबाचं आणि येशूचं नाव कोरलेली एक दगडी अस्थिपेटी जगापुढे आली होती, तिचाही विषय निघाला. त्या कोरीव ओळीचा काही भाग बनावट असल्याच्या आरोपावरून इस्राएलमध्ये खटला चालला, २०१२ मध्ये पेटीचा मालक त्या आरोपातून सुटला, पण लेख अस्सल असल्याचं त्यावरून सिद्ध झालं नाही. मी त्या पेटीचा आधार घेत नाही. जोसेफस आणि पौल पुरेसे आहेत.

"बाई, आता जरा मार्कचा विचार करा," मी म्हटलं. "तो सत्तरच्या सुमारास लिहितोय. येशू देवाचा पुत्र आहे हे लोकांना पटावं अशी त्याची तळमळ आहे. मग घरच्यांनी त्याला वेडा ठरवलं, हे तो का लिहितो? त्याने काय साधलं?"

"काहीच नाही. उलट झाकली मूठ उघडी पडली."

"म्हणूनच आम्ही त्यावर विश्वास ठेवतो. सोयीचं असतं ते रचलेलं असू शकतं. अडचणीचं सहसा कुणी रचत नाही. बाप्तिस्मा देणारा योहान, तो वेगळा, त्याच्याकडून येशूने बाप्तिस्मा घेतल्याची गोष्ट तशीच. पापांच्या क्षमेसाठीचा तो बाप्तिस्मा. निष्पाप येशूने तो का घ्यावा? मार्क सरळ सांगून मोकळा होतो. मत्तयाला टोचतं, म्हणून त्याच्याकडे योहान आधी नको म्हणतो. चौथ्या शुभवर्तमानात योहान आहे, आत्मा उतरल्याची साक्षही आहे, पण प्रत्यक्ष बाप्तिस्म्याचा प्रसंग सांगितलेला नाही. नंतरचा प्रत्येक जण झाकायला बघतो, त्यावरून खाली खरं काही तरी आहे हे कळतं."

"मग बेथलेहेम?"

"तिथे माझ्या हाती काही लागत नाही. मत्तय म्हणतो हेरोद राजाच्या काळात जन्म. हेरोद वारला इसवी सनापूर्वी ४ मध्ये. लूक क्विरिनियसच्या शिरगणतीशी जन्म जोडतो आणि ती झाली इ. स. ६ मध्ये. मध्ये निदान नऊ वर्षांचं अंतर पडतं."

"मी दर डिसेंबरात ओटीवर गोठा करते. तो करू नको म्हणशील?"

"नाही म्हणणार."

"मग पुढे चल. तो काश्मीरला आला होता म्हणतात, तेही सांगून टाक."

ते सांगायला वेळ लागला नाही. नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने १८९४ मध्ये पुस्तक छापलं, की लडाखच्या हेमिस मठात येशूच्या भारतातल्या वास्तव्याची पोथी आपण पाहिली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला जाऊन आले. मठाच्या प्रमुखांनी अशी पोथी आपल्याकडे नाही असं त्यांना सांगितलं. एवढं झालं तरी आपल्याकडे ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. त्यामागे येशूला आपलासा करण्याची इच्छा असते हे मला कळतं. पण या गोष्टीने तो त्याच्या स्वतःच्या माणसांपासून तुटतो. तो गालीलचा होता, अरामी बोलणारा, यहुदी आईच्या पोटचा. यहुदी म्हणून जगला आणि यहुदी म्हणून मेला. त्याचे वाद इतर यहुदी गुरूंशी घातलेले आहेत, घरातल्या घरातले.

मी हे बोलत होते तशा बाई अस्वस्थ होत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "तुला एक सांगते. आजवर फक्त कबुलीत सांगितलंय."

वडील अलिबागला नोकरीला असताना त्यांच्या शेजारी एक बेने इस्रायली यहुदी कुटुंब राहायचं. कोकणात शतकानुशतकं तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. दाराच्या चौकटीवर मेझुझाची डबी, घरात बोलणं आपलं मराठीच. त्या घरची मुलगी बाईंच्या वयाची होती, दोघी एकत्र शाळेत जायच्या.

"मी दहा वर्षांची असेन. असाच शुभ शुक्रवार. देवळातून आले आणि तिला म्हणाले, तुमच्या लोकांनी आमच्या देवाला मारलं. ती रडली नाही, भांडली नाही. घरात गेली आणि दार लावून घेतलं. काही वर्षांत ती माणसं इस्राएलला गेली. मी क्षमा मागायची राहिले."

"तुम्हाला ते कुणी शिकवलं होतं?"

"कुणी मुद्दाम नाही. हवेतच होतं."

खरंच हवेत होतं. त्या काळी शुभ शुक्रवारची उपासना लॅटिनमध्ये चाले आणि तिच्यातल्या यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेत त्यांना विश्वासघातकी अशा अर्थाने ऐकू येणारं विशेषण होतं. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये ते काढलं. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. तोवर युरोपात किती माणसं या एका आरोपापायी मारली गेली होती, याचा विचार माझ्याच्याने शांतपणे होत नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईने असं लिहू नये म्हणतात. मी लिहिणार.

बाईंना मी माहीत असलेलं सांगितलं. क्रूस ही रोमन शिक्षा होती आणि हुकूम रोमन अधिकारी पिलात याचा होता. महायाजकांच्या मंडळींनी येशूला पकडून पुढे केलं असेल, ती मंडळी रोमच्या मर्जीवर टिकून होती. पिलात इ. स. २६ ते ३६ त्या प्रांतावर होता. १९६१ मध्ये कैसरियाच्या उत्खननात त्याच्या नावाचा आणि हुद्द्याचा शिलालेख सापडला. शुभवर्तमानांत तो कचरताना दिसतो, मत्तयाकडे तर हातही धुतो. फिलो आणि जोसेफस या यहुदी लेखकांनी रंगवलेला पिलात वेगळा आहे, लोकांवर सैनिक सोडणारा. शोमरोनी लोकांवर त्याने केलेल्या कत्तलीनंतर त्याला परत बोलावलं गेलं. शुभवर्तमानं लिहिली जात होती तेव्हा यहुद्यांचं बंड चिरडलं जात होतं किंवा नुकतंच चिरडलं गेलं होतं. सत्तर साली मंदिर जळालं. रोमच्या राज्यात जगायचं असेल तर आपला गुरू रोमचा वैरी नव्हता हे दाखवणं भाग होतं. दोष हळूहळू सरकत गेला आणि लोकांच्या माथी आला.

"म्हणजे तिच्या लोकांनी मारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

त्यांनी मान हलवली. वाडीत कुणी तरी पाटाचं पाणी सोडलं, त्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी क्रूसाविषयी विचारलं, खिळे खरंच ठोकत का. मी १९६८ मध्ये जेरुसलेमच्या उत्तरेला सापडलेल्या थडग्याचं सांगितलं. तिथल्या एका अस्थिपेटीत टाचेचं हाड मिळालं, आरपार लोखंडी खिळा गेलेलं. खिळ्याचं टोक वाकलं होतं, म्हणून तो निघाला नाही आणि हाडाबरोबरच राहिला. पेटीवर नाव होतं, येहोहानान. वय विशीतलं. रोमनांनी हजारोंनी माणसं अशी मारली.

"विशीतला मुलगा," बाई म्हणाल्या. "आज त्याचंही नाव घेईन."

क्रूसावर आमचं दुमत नव्हतं. येशूला क्रूसावर मारलं, ही त्याच्या चरित्रातली सगळ्यात पक्की गोष्ट आहे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ११६च्या सुमारास लिहितो, त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल तिरस्कारच आहे, पण तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला हे तोही नोंदवतो. आणि कुठला धर्म आपल्या तारणाऱ्याला गुलामाचं मरण मुद्दाम देईल? ती शिक्षा उघड्यावर, नागवं करून दिली जाई. यहुदी माणसाला झाडावर टांगलेला देह शापित वाटे, ग्रीकाला हे मूर्खपणाचं वाटे. पौलाने हे दोन्ही ऐकून घेतलं आणि तरी क्रूसच सांगितला.

"नातवाचं अजून एक आहे," बाई म्हणाल्या. "३२५ मध्ये निकाइयाला बिशप जमले आणि मतं टाकून त्याला देव ठरवलं, म्हणे. बादशहाच्या सांगण्यावरून."

"त्याला सांगा, त्याच्या दोनशे वर्षं आधीचा एक रोमन अधिकाऱ्याचा कागद आहे. प्लिनी, बिथिनियाचा राज्यपाल. ११२च्या सुमारास तो बादशहा त्राजानला विचारतो, या ख्रिस्ती लोकांचं करू काय? ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, देव समजून ख्रिस्ताची स्तुती गातात. निकाइयातला वाद वेगळा होता. आरियस आणि त्याचे विरोधक, दोघंही ख्रिस्ताचीच भक्ती करणारे. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला की पित्याच्याच तत्त्वाचा, यावर ते भांडले. भक्ती फार आधीपासूनची आहे. पौलाच्या पत्रांतच ती दिसते, वीस-पंचवीस वर्षांत. इतक्या लवकर हे कसं झालं, हे माझ्यासारखीला कोडंच आहे. आणि प्लिनीच्या त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे. खरं काढून घ्यायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला. त्या मंडळींत सेविका म्हणून काम करायच्या."

"नावं?"

"त्याने लिहिली नाहीत."

"काय सांगितलं त्यांनी?"

"त्याला हवं तसं काही सापडलं नाही. वेडगळ श्रद्धेपलीकडे काही नाही, असं त्याने लिहून टाकलं."

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटलं थकल्या. पण त्या मुद्द्याकडे येत होत्या.

"क्रूसापर्यंत तू माझ्याबरोबर आहेस. पुढे?"

"पुढे मी तुमच्याबरोबर नाही."

"का?"

"कारण मेलेला माणूस उठतो हे सिद्ध करायला इतिहासाकडे साधन नाही, आणि मला स्वतःला ते पटत नाही. त्याच्या माणसांना तो दिसला, यावर माझा विश्वास आहे. पौल करिंथकरांना यादीच देतो, आणि ती त्याला आधीच्यांकडून मिळालेली आहे. पेत्राला दिसला, मग बाराजणांना, मग पाचशेहून अधिकांना, मग याकोबाला. ते खोटं बोलत नव्हते. पण जिवाभावाचं माणूस गेलं की ते दिसतं, बाई. आवाज येतो, अंगणात उभं असल्यासारखं वाटतं. हे पुष्कळांना होतं."

"मला झालं," बाई म्हणाल्या. "हे गेले त्या वर्षी मला तीनदा दिसले. त्या ओटीच्या पायरीवर, टोपी हातात घेऊन. पण म्हणून मी गावात जाऊन सांगितलं नाही की ते परत आले. ते गेलेत हे मला दिसतानाही ठाऊक होतं. दिसणं वेगळं आणि परत येणं वेगळं. विधवेला हे कुणी शिकवावं लागत नाही."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तरी मी म्हटलं, "तुमच्या मनात परत येण्याची अपेक्षा नव्हती. त्यांच्या मनात होती. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील हे त्या काळी पुष्कळ यहुदी मानत. गुरू दिसला तेव्हा त्यांनी तोच अर्थ लावला."

"पेत्राने लावला असेल. याकोबाने का लावला? त्याला तर भाऊ वेडा वाटत होता. तूच म्हणालीस ना, आईजवळसुद्धा नव्हता तो त्या दिवशी?"

मी दुपारभर जो साक्षीदार पुढे केला होता, तोच त्यांनी माझ्यापुढे उभा केला. आणि त्यांचा प्रश्न बरोबर होता. त्या काळात असे पुढारी आणखी होऊन गेले. गालीलचा यहूदा, यार्देन नदी दुभंगेल म्हणून लोकांना घेऊन गेलेला थूदास. थूदासचं डोकं कापून जेरुसलेमला नेलं आणि त्याची चळवळ तिथेच संपली. त्याच्या भावाने पुढे त्याची मंडळी चालवली असं कुठे वाचलेलं नाही. याकोब मात्र जेरुसलेममधल्या मंडळीचा प्रमुख झाला आणि शेवटी त्याच गावात मारला गेला. त्याच्या हत्येने धर्मशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदीसुद्धा खवळले असं जोसेफस सांगतो. त्यांनी तक्रार केली आणि अनानसचं महायाजकपद तीन महिन्यांत गेलं. म्हणजे याकोब धर्म सोडलेला माणूस नव्हता. येशूला ख्रिस्त मानूनही तो पक्का यहुदी होता आणि शेजाऱ्यांना आदरणीय होता. मधल्या काळात त्याच्या मनात काही तरी उलटंपालटं झालं असणार. ते काय, हे कुठल्याच भरवशाच्या कागदात नाही. पौलाने तीन-चार शब्दांत उरकलंय, याकोबाला दिसला म्हणून. भाऊ भावाला काय बोलला, नव्या करारात कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मी बाईंना तसंच सांगितलं.

"माझ्यासाठी त्या तीन-चार शब्दांत सगळं आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी तिथे रिकामी जागा आहे. पण त्या जागेपाशी आपण दोघी आलो, हे कबूल कर."

"कबूल."

"आणि टिळकांचं विसरू नकोस. नारायण वामन टिळकांना काय जोसेफस वाचून येशू पटला? आगगाडीत एका परक्या माणसाने नवा करार हातात दिला, डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि ते पुस्तक सुटेना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घरदार उन्हात उभं राहिलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काय सोसलं ते तुला मीच वाचायला दिलं होतं."

"‘स्मृतिचित्रे’. अजून तीच प्रत आहे माझ्याकडे."

"असू दे. येशू होता की नव्हता हे तू नातवाला सांग, मी सांगितलं तर ऐकणार नाही. पण वैऱ्यावर प्रेम कर म्हणणारा माणूस खरा निघाला तर आपण काय करायचं, हे तुझ्या जोसेफसला विचारून कळणार नाही."

उन्हं कलली तशी देवळाकडे जायची वेळ झाली. निघताना मी त्यांना दुसऱ्या शतकातल्या हेगेसिप्पसने याकोबाबद्दल लिहिलेली आठवण सांगितली. लोकांसाठी क्षमा मागत तो मंदिरात इतका वेळ गुडघ्यांवर असे की त्याचे गुडघे उंटाच्या गुडघ्यांसारखे घट्टे पडून टणक झाले होते. इतिहास म्हणून मी ती आठवण सावधपणेच घेते. बाईंनी ती लगेच आपलीशी केली. पदर सावरत स्वतःच्या गुडघ्यांकडे बघून म्हणाल्या, "माझे आता वाकतही नाहीत."

क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं असतात. मी त्यांच्या कोपराला धरून एकेका स्थानापुढे थांबत गेले. येशू तीनदा पडतो, ते शुभवर्तमानांत नाही. वेरोनिका रुमालाने त्याचं तोंड पुसते, तीही नाही. मी काही बोलले नाही. वेरोनिकापुढे बाई इतरांपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या. सगळी माणसं प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकत होती, बाई उभ्याच राहून मान लववत होत्या. चौदावं स्थान थडग्याचं. वाट तिथे संपते, पुढे काही चितारलेलं नसतं.

तिथे बाईंनी माझा दंड घट्ट धरला आणि खाली जायला लागल्या. एकटीने त्यांना ते जमलं नसतं. त्यांचा भार माझ्यावर आला आणि मीही त्यांच्याबरोबर खाली गेले. फरशी जुन्या दगडाची होती, गुडघ्यांना टोचत होती. बाई ओठांतल्या ओठांत नावं घेत होत्या. त्यांत एक येहोहानान होतं. आणखी एक नाव होतं, कोकणातल्या एका मुलीचं.

"लागलं का गं?" उठताना त्यांनी विचारलं.

"थोडं."

मग मी त्यांना वर उचललं.